उंदराच्या रकान्यात

भिंतीवरच्या तक्त्यात एकोणिसाव्या ओळीला कुणीतरी लाल पेन्सिलीने गोल केला होता. मोजणीबाईंनी तो दारातूनच पाहिला. पांढऱ्या डगल्याची बटणं लावता लावता त्या स्वतःशीच म्हणाल्या, चला, आज कुणीतरी आपल्या डोळ्यांवर घसरणार.

त्या प्रयोगशाळेत त्यांना मोजणीबाईच म्हणत. बावीस वर्षांपूर्वी त्या बाटल्या धुवायला लागल्या, तेव्हा नुसतं बाई म्हणत. मग एकदा मोठ्या सरांनी सहज त्यांना सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून गुणसूत्रं दाखवली आणि यात कोण कोणासारखं दिसतं ते सांगा म्हटलं. बाईंनी धुतलेले मोजे जुळवावेत तशा पटापट जोड्या लावून दाखवल्या. त्या दिवसापासून त्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. आता सत्तावन्नाव्या वर्षी मान धरायची, कंबर धरायची, आणि संध्याकाळी डोळ्यांपुढे काळ्या अळ्या वळवळायच्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

काम काय, तर माणसाची पेशी आणि उंदराची पेशी शेजारी आणून दोघींची एक करायची. अशा पेशीला कागदावर संकर पेशी म्हणत आणि चहाच्या टेबलावर खेचर. ही खेचरं जगतात, वाढतात, पण त्यांना एक खोड असते. उंदराचं सगळं जपून ठेवतात आणि माणसाची गुणसूत्रं मात्र पिढीगणिक टाकत जातात. कुठली टाकतील याला काही धरबंध नाही. एका पेशीपासून वाढलेल्या सगळ्या खेचरांचं एक कूळ. एका कुळात माणसाची तीन गुणसूत्रं उरतात, दुसऱ्यात सात. मग बघायचं, की ज्या कुळांत माणसाचं अमुक एन्झाइम तयार होतं, त्या सगळ्यांत कुठलं गुणसूत्र हटकून असतं, आणि जिथे होत नाही तिथे कुठलं हटकून नसतं. दोन्हीकडून जे जुळेल, त्याच्यावर त्या एन्झाइमचं जनुक. ऐकायला सोपं, करायला कंबर मोडणारं.

गुणसूत्रं वाचायची मोजणीबाईंनी. एन्झाइम बघायचं खळवाल्यांनी. खळवाले म्हणजे त्यांच्याच वयाचा एक टक्कल पडलेला माणूस. बटाट्याच्या स्टार्चची खळ शिजवायची, सपाट ताटलीत ओतून थिजवायची, पेशींच्या रसात बुडवलेले कागदाचे कपटे तिच्यात खोचायचे आणि विजेचा प्रवाह सोडायचा, यात त्यांचा जन्म गेला होता. प्रवाहाबरोबर उंदराचं एन्झाइम मागे रेंगाळतं, माणसाचं पुढे सरकतं. वरून रंग ओतला की जांभळे पट्टे उमटतात. पुढचा पट्टा दिसला, तर कुळात माणसाचं एन्झाइम आहे. नाही दिसला, तर निव्वळ उंदीर.

भिंतीवर तेवीस कुळांच्या तेवीस ओळी होत्या. मोजणीबाईंचे ठिपके, खळवाल्यांचे अधिक-उणे. सहा वर्षांचं काम.

बैठकीला चौघंच होते. मोठे सर, नवे डॉक्टर, खळवाले आणि त्या. नवे डॉक्टर दर तीन वाक्यांनी टक्के सांगत, म्हणून खळवाल्यांनी त्यांचं नाव टक्केवारी ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची झोप पुरी झालेली असायची, आणि बाकी कुणाची होत नसे.

“सात नंबरचं कूळ शंकेचं, ते बाजूला ठेवलंय,” टक्केवारी म्हणाले. “राहिली बावीस. त्यातली एकवीस जुळतात. शेकडा पंच्याण्णवच्या वर. एन्झाइम असेल तिथे दहा नंबरचं गुणसूत्र आहे, नसेल तिथे नाही. अडलंय फक्त एकोणिसाशी. खळीवर माणसाचा पट्टा स्वच्छ आहे, आणि बाई म्हणतात, दहा नंबर नाही.”

“नाहीच आहे,” मोजणीबाई म्हणाल्या.

“किती पेशी पाहिल्यात?”

“तीस.”

“आणि चष्मा कधी बदललात?”

मोठे सर खिडकीकडे बघू लागले. खळवाल्यांनी घसा खाकरला. “माझ्या पट्ट्याला चष्मा लागत नाही, म्हणून मी वाचलो म्हणायचं.”

“मी अपमान करत नाहीये,” टक्केवारी म्हणाले. “पण पट्टा खोटं बोलत नाही. डोळा थकतो.”

“थकतो,” मोजणीबाई म्हणाल्या. “पण नसलेलं दाखवत नाही, आणि असलेलं तीस वेळा लपवत नाही.”

मोठ्या सरांनी चष्मा काढून नाकाचा दांडा चोळला. तेही थकलेलेच होते. “बाई, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण पंधरा दिवसांत लेख मासिकाकडे जायचाय. एकोणीस नंबर सुटला नाही, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या तुमच्या सगळ्या काचा नव्या डॉक्टरांना पुन्हा वाचाव्या लागतील. सहाच्या सहा वर्षांच्या. तोवर तुम्ही धुलाईच्या खोलीत बसा. जरा आराम पडेल.”

“बाटल्या धुण्यात आराम?”

“डोळ्यांना तरी.”

मोजणीबाईंना बाटल्यांची लाज नव्हती. जन्म बाटल्यांतच सुरू झाला होता त्यांचा तिथला. चौदा महिने कुठेही बसून निघाले असते. पण त्या स्टुलावरून सहा वर्षं जे जे सांगितलं, ते खरं म्हणून राहणार, की म्हातारीच्या डोळ्यांचा घोळ म्हणून पुसलं जाणार? हे मात्र त्यांना असं कुठेही टाकून निघता येण्यासारखं नव्हतं.

चहाच्या वेळी त्या आपली वही घेऊन खळवाल्यांच्या खोलीत गेल्या. तिथे कायम उकडलेल्या बटाट्यांचा वास असे.

“भाऊ, एकोणिसाचा रस कुठल्या बाटलीतला?”

“तेच मी बघतोय.” खळवाल्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे सारला. “मला वाटलं, माझा रस जुना आणि तुमची काच नवी असेल. मधल्या काळात खेचराने दहा नंबर टाकून दिलं असेल. अशी फजिती आपली पूर्वी झालेली आहे.”

“आठव्या कुळात.”

“आठव्यात. तेव्हा महिनाभर आपण एकमेकांशी बोलत नव्हतो.”

“तुम्ही बोलत नव्हतात. मी बोलत होते, तुम्ही ऐकत नव्हतात.”

पण या वेळी चिठ्ठ्या जुळल्या. तीच बाटली, तोच दिवस, अर्धी खळवाल्यांकडे, अर्धी बाईंकडे. पट्टा त्यांनी तीन वेळा काढला होता आणि तिन्ही वेळा तो उमटला होता. बाईंनी वहीतलं पान पुन्हा वाचलं. एकोणीस: माणसाची चार, त्यांचे नंबर. खाली उंदराच्या रकान्यात: चोपन्न, त्यातलं एक अनोळखी.

अनोळखी म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती. ती उंदराची पेशी बाटल्यांतून वर्षानुवर्षं वाढलेली, तिच्यातली गुणसूत्रं एकमेकांना चिकटून कशीही झालेली. साधारणपणे उंदराचं गुणसूत्र एका टोकाशी चिमटा काढल्यासारखं दिसतं. असं एका टोकाशी चिमटलेलं आणि ओळख न पटणारं काही दिसलं, की ते उंदराच्या रकान्यात टाकायचं, हा तिथला शिरस्ता होता. मोठ्या सरांनीच घालून दिलेला.

“भाऊ, आपल्यातलं एक कुणीतरी चुकतंय म्हणावं, तर दोघंही खरं बोलतोय.”

“तसं आमच्या घरी रोज होतं,” खळवाले म्हणाले. “चहा घ्या.”

संध्याकाळी त्या घरी, तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा नवरा मोरीत उभा राहून हात धूत होता. कोपरापर्यंत साबण, मग नखांना ब्रश, मग पुन्हा साबण. टेबलावर बटाट्यांचं टोपलं आणि सोलायची सुरी ठेवलेली होती.

“अहो, आले मी.”

“ऐकू आलं. जिना तुझ्यापेक्षा जास्त कण्हतो.”

हात धुण्याची ही तऱ्हा तीस वर्षांची. नवरा पूर्वी छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचा एकेक खिळा, त्याच्या टोकाला एकेक उलटं अक्षर. लग्न होऊन आलेल्या बायकोला लिहिता-वाचता येत नाही हे कळल्यावर त्याने झिजलेले खिळे कागदाच्या पुडीत बांधून घरी आणले आणि ते तिच्या तळहातावर ठेवून अक्षरं शिकवली. त्यामुळे तिला अक्षरं आधी उलटी यायला लागली आणि सुलटी नंतर. सरांना जोड्या लावून दाखवल्या, तो डोळा तिथे तयार झालेला होता. पण त्याच वर्षांत तिचे तीन गर्भ गेले. तिसऱ्या वेळेला दवाखान्यातल्या डॉक्टराने नवऱ्याचा धंदा विचारला, आणि शिशाने असं होतं कधी कधी, असं म्हणून तो पुढच्या खाटेकडे वळला. नवऱ्याने त्या आठवड्यात खिळ्यांची पुडी नदीत टाकली, छापखाना सोडला, आणि उरलेली नोकरी टपालाच्या गोदामात पार्सलं उचलून काढली. सासू कुशीवरून बोलायला लागली, तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहिला. तिला काही बोलायचं नाही, शिसं मी घरात आणलं, मी तिच्या हातावर ठेवलं. त्यानंतर सासू गप्प झाली ती मरेपर्यंत. मोजणीबाईंनी हे दाराआडून ऐकलं होतं.

आता बटाटे सोलता सोलता त्यांनी नवऱ्याला एकोणिसाव्या ओळीची हकिगत सांगितली. नवऱ्याला खेचरांचं सगळं पाठ होतं. इतक्या वर्षांत रोज थोडं थोडं कानावर पडलेलं.

“तो टक्के मोजणारा तुला आंधळी म्हणतो?”

“थकलेली म्हणतो.”

“ते काय खोटं नाही.” नवऱ्याने एक लांबच लांब साल न तोडता काढली. “आमच्याकडे प्रूफात मध्येच एखादं भलतंच अक्षर यायचं. कच्च्या हाताच्या पोराकडून आलं, तर आम्ही त्याचा कान धरायचो. पण मुरलेल्या माणसाकडून आलं, तर कुणी त्याला बोलत नसे. उठायचं आणि केस बघायची, खिळ्यांची ती खणाखणांची पेटी. आदल्या दिवशी खिळे परत टाकताना कुणीतरी एका अक्षराचा खिळा दुसऱ्याच्या खणात टाकलेला असायचा. जुळवणारा खण बघून उचलतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?”

“मग?”

“मग एकोणीस नंबर कशाला घेऊन बसलीस? केस बघितलीस का? ही खेचरं ज्या माणसापासून काढली, त्या माणसाचे खण बघितलेत का कुणी?”

मोजणीबाईंचा हात थांबला. सुरी बटाट्यात तशीच रुतून राहिली.

“काय झालं?”

“काही नाही. डोळा लागला.”

“उघड्या डोळ्यांनी?”

“सवय झालीय.”

त्या माणसाचे खण कुणी बघितले नव्हते. सगळी तेवीस कुळं एकाच माणसापासून निघाली होती, आणि वहीत त्याची नोंद होती दाता सात. आठ वर्षांपूर्वी सरांना ताजी कातडी हवी होती. सहा जणांची कातडी बाटलीत वाढलीच नव्हती. तेव्हा मोजणीबाईंनी बाही वर केली आणि म्हटलं, घ्या, माझी घ्या, जळलं तरी पुन्हा उगवतं इथे. वाटाण्याएवढा तुकडा निघाला. घरी सांगितलं, वाफेने भाजलं. पेशी जोमाने वाढल्या. तेव्हा गुणसूत्रांवर पट्टे पाडणारा रंग आलेला नव्हता, नुसती मोजायची आणि आकारावरून गट लावायचे. सेहेचाळीस भरली, गट बरोबर आले, वहीत शेरा पडला: निरोगी. दोन वर्षांनी पट्ट्यांचा रंग आला, पण तोवर खेचरं तयार झालेली होती आणि मागे वळून दात्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. घरचंच माणूस, रोज समोर चालतं बोलतं, त्याचं काय बघायचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठवणीच्या टाकीतून दाता सातची कुपी काढली. टाकीतून पांढरा धूर आला, बोटं बधिर झाली. कुपी कोमट पाण्यात धरली, पेशी बाटलीत सोडल्या आणि बाटली उबेच्या कपाटात ठेवली. टक्केवारींनी विचारलं, हे काय, तर म्हणाल्या, केस बघतेय. त्यांना वाटलं, बाई केसांबद्दल काहीतरी बोलतायत, आणि ते अवघडून निघून गेले.

पेशी वाढायला आठवडा लागणार होता. तोवर त्यांनी दुसरं काम काढलं. एक लहरी रंग होता, क्षार जास्त घालून करायचा. तो जमला, तर त्यात उंदराची गुणसूत्रं गुलाबी होतात आणि माणसाची निळी. पण तीनदा करावा तेव्हा एकदा जमे. एक मिनिट जास्त झालं की सगळंच राखेसारखं. म्हणून त्याच्या वाटेला कुणी जात नसे. बाईंनी एकोणिसाव्या कुळाच्या काचा घेतल्या. पहिल्या दिवशी राख. दुसऱ्या दिवशी राख. पाय सुजले होते, आणि एक काच हातातून पडून फुटली तेव्हा त्यांनी स्वतःला अशी शिवी दिली की खळवाले दारात येऊन उभे राहिले.

“मला म्हणालात का?”

“नाही, मला.”

“मग ठीक. मला वाटलं, मी काही चांगलं ऐकायचा राहिलो.”

तिसऱ्या दिवशी दुपारी रंग बसला. नळीत डोळा लावला, तर समोर गुलाबी पसारा आणि त्यात चार निळी. ती चार ओळखीची होती. बाईंनी बारीक स्क्रू किंचित फिरवला. कडेला पाचवं होतं. एका टोकाशी चिमटलेलं, उंदराच्या रकान्यात टाकलेलं ते अनोळखी. आणि ते निळं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं. उंदराचा एक कणही त्यात नव्हता.

त्यांनी तीस पेशी बघितल्या. एकतिसावी बघितली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते रडण्याचं नव्हतं.

चार दिवसांनी दाता सातच्या पेशी तयार झाल्या. त्यांच्यावर बाईंनी पट्ट्यांचा नेहमीचा रंग दिला, फोटो काढला, कात्रीने एकेक गुणसूत्र कापलं आणि हिरव्या पुठ्ठ्यावर जोड्या लावायला घेतल्या. दहा नंबरची जोडी जमेना. एक नेमकं होतं, दुसऱ्याचं टोक भलतंच. तेरा नंबरची जोडीही जमेना. तेरा नंबर माणसाचं असूनही उंदरासारखंच एका टोकाशी चिमटलेलं असतं. त्या जोडीतल्या एकाची शेपूट बदललेली होती. बाईंनी कात्री हातात धरूनच बघितलं. दहाचं टोक तेराच्या शेपटीला, तेराची शेपूट दहाच्या टोकाला. सारख्याच लांबीचे तुकडे, म्हणून मोजताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काही कमी नाही, काही जास्त नाही. नुसती खणांची अदलाबदल. तेच तेरा नंबर एकोणिसाव्या कुळात उंदराचं म्हणून बसलं होतं, दहाचं टोक शेपटीला बांधून. जनुक त्या टोकात होतं.

त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, डोळे ठीक आहेत.

मग दुसरं आलं. अशा माणसांच्या काचा त्यांनी दवाखान्यासाठी वाचलेल्या होत्या. असं ज्याचं असतं, तो स्वतः धडधाकट असतो. पण मूल राहतं तेव्हा प्रत्येक जोडीतलं एकेकच पुढे जातं, आणि वाटा चुकीचा पडला की एका गोष्टीचं दोनदा जातं, दुसरीचं जातच नाही. असं मूल पोटात टिकत नाही. एखादं टिकतंही. त्यांचं तिन्हींपैकी एकही टिकलं नव्हतं.

खिडकीबाहेर कुणीतरी हातगाडीवरून रिकाम्या बरण्या नेत होतं. बरण्यांचा आवाज संपेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग उठल्या, पुठ्ठा उचलला आणि बैठकीच्या खोलीत गेल्या. मागल्या बैठकीला अकरा दिवस झाले होते.

टक्केवारींनी नळीत बराच वेळ बघितलं. मग पुठ्ठा बघितला. मग पुन्हा नळीत. त्यांचे कान लाल झाले.

“बाई, मी माफी मागतो.”

“नंतर मागा. सात नंबर बघा.”

सात नंबरचं शंकेचं कूळ. त्यात दहा नंबर होतं, पण एन्झाइम नव्हतं, आणि बाईंनी चार वर्षांपूर्वी समासात लिहिलं होतं: टोक वेगळं. त्या शेऱ्यामुळेच ते बाजूला पडलं होतं. आता ते बरोबर जागेवर येऊन बसलं. दहा नंबर आहे, पण त्याचं टोक तेराकडे गेलेलं, म्हणून एन्झाइम नाही.

“म्हणजे नुसतं कुठल्या गुणसूत्रावर एवढंच नाही,” टक्केवारी उठूनच उभे राहिले, “त्याच्या कुठल्या टोकाला हेही सांगता येतंय! तेवीसच्या तेवीस. शंभर टक्के!”

“पोचले एकदाचे,” खळवाले म्हणाले.

मोठे सर हसले नाहीत. ते पुठ्ठ्याकडे बघत होते. कातडी त्यांनीच काढली होती.

टक्केवारींनी वही ओढली. “दाता सात. कुणी बाई दिसतेय. लेखात तिची माहिती हवी. आणि तिला गाठायलाच हवं, सर. तिचे गर्भ टिकले नसणार. विचारायला हवं, किती गेले, कितव्या महिन्यात…”

“तीन,” मोजणीबाई म्हणाल्या. “दोन तिसऱ्या महिन्यात. एक पाचव्यात.”

टक्केवारींनी ते लिहून घेतलं. लिहून झाल्यावर वर बघितलं. “तुम्ही ओळखता त्यांना?”

बाईंनी डगल्याची डावी बाही वर केली. कोपराखाली वाटाण्याएवढा पांढरा वण होता.

टक्केवारींच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

“नाव घालू नका,” मोजणीबाई म्हणाल्या. “दाता सात बरं आहे.”

“बाई,” मोठे सर हळू आवाजात म्हणाले, “तेव्हा आपण नुसती सेहेचाळीस मोजली. मी पुन्हा बघायला हवं होतं.”

“मीच मोजली होती, सर. बरोबरच मोजली होती.”

टक्केवारी भिंतीपाशी गेले. खिशातून रबर काढून त्यांनी एकोणिसाव्या ओळीभोवतीचा लाल गोल खोडला. पुरता गेला नाही, गुलाबी डाग राहिला. त्यांनी बोटाला थुंकी लावून तोही घासला.

“स्टूल तुमचंच आहे,” मोठे सर म्हणाले. “चौदा महिने. त्यानंतरही, तुम्ही म्हणाल तर.”

“त्यानंतर नको. आणि आज मला जरा लवकर जाऊ द्या.”

जिन्यावर त्या प्रत्येक मजल्याला थांबल्या. सांगावं की नाही, याचा विचार पहिल्या मजल्यावर केला, दुसऱ्यावर पुन्हा केला, आणि तिसऱ्यावर विचार करायचंही त्राण उरलं नव्हतं. नवरा टेबलापाशी बसून टोपल्यात बटाटे ओतत होता. नुकतीच बाजारातून आणलेली पिशवी.

“आज उजेडी आलीस? काढलं की काय तुला?”

“नाही. डोळे ठीक निघाले.”

“मग? केसच ना?”

“केसच.” त्या समोर बसल्या. “अहो, ती केस माझी आहे. ते भाजलं नव्हतं हाताला. कातडी दिली होती मी.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दहा, तेरा, खणांची अदलाबदल, वाटे कसे पडतात ते.

“म्हणजे शिसं नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतं. शिसं असतं तर असं नेमक्या दोन जागी कापून सारखं चिकटवलं नसतं. हे माझं जन्माचं आहे.”

“आणि ते खिळे? तुझ्या हातावर ठेवलेले?”

“त्यांनी काही केलं नाही. अक्षरं आली तेवढी.”

नवऱ्याने एक बटाटा उचलला आणि परत ठेवला. “चांगला हात होता माझा. छापखान्यात सगळे म्हणायचे.”

“मला ठाऊक आहे.”

“मी आईला म्हणालो होतो की…”

“तेही ठाऊक आहे. मी दाराआड होते.” बाईंनी टेबलावरची माती बोटाने एका जागी गोळा केली. “आणि खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं होतं. माझ्यावरचं तुमच्यावर गेलं म्हणून. तीस वर्षं ते तुम्ही वाहिलंत आणि मी वाहू दिलं.”

“तुला कुठे माहीत होतं!”

“बरं वाटलं होतं, हे माहीत होतं.”

नवरा खिडकीकडे बघत राहिला. त्याचे खांदे पार्सलं उचलून एका बाजूला कललेले होते. मोजणीबाईंनी ते रोज बघितलेले, पण आज त्यांना ते बघवेनात.

“मग आता काय,” तो शेवटी म्हणाला, “केस बदलून मागायची?”

“कुणाकडे? दुकान केव्हाच बंद झालं.”

त्याच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. मग तो उठला, सवयीने मोरीकडे गेला, नळ सोडला, साबण हातात घेतला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. मग साबण खाली ठेवला. नळ बंद केला. कोरडेच हात घेऊन परत आला, खुर्ची ओढली आणि सुरी उचलली.

“अहो,” मोजणीबाई म्हणाल्या, “माती आहे त्या बटाट्यांना. हाताला लागलीय. धुऊन या.”

नवऱ्याने आपले हात उलटसुलट करून बघितले.

“किती?”

“मनगटापर्यंत पुरे.”